कोकण रेल्वे विलीन करायच्या आधी बार्शी लाईटचा इतिहास वाचा

कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायची चर्चा आता नुसती चर्चा राहिलेली नाही, २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने संमती पण दिली आणि त्यातली सगळ्यात जास्त गाजलेली अट कोणती तर नाव "कोकण रेल्वे" असंच राहावं ही. तेव्हापासून दोन्ही बाजूंनी जे बोललं जातंय ते मी वाचतोय. एक बाजू म्हणते केंद्राचा पैसा येईल, दुहेरी मार्ग होईल, सगळं सुटेल. दुसरी म्हणते आपल्या हक्काची रेल्वे गेली. दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट कधीच येत नाही, की महाराष्ट्रात हे आधी होऊन गेलंय, एका भागासाठी उभी राहिलेली रेल्वे कंपनी मोठ्या रेल्वेत विरघळली आणि त्यानंतर त्या भागाच्या वाट्याला काय आलं हे सगळं आपल्यासमोर आहे. ती कंपनी म्हणजे बार्शी लाईट.

बार्शी लाईट म्हटलं की बहुतेकांना आठवते ती हळू चालणारी गाडी, चालत्या गाडीतून उतरा आणि परत पळत जाऊन चढा वगैरे गोष्टी सोलापूर-लातूरकडच्या प्रत्येक घरात ऐकायला मिळतात. पण या गाडीची सुरुवात ज्या डोक्यातून झाली ते साधं डोकं नव्हतं आणि ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही.

जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुंबई-पुणे-सोलापूर-रायचूर ही मोठी लाईन बार्शीपासून साधारण पस्तीस किलोमीटर लांबून गेली. बार्शी म्हणजे त्या काळी मोठी बाजारपेठ, निजामाच्या मुलखातून, लातूर-धाराशिवकडून कापूस, गळिताची धान्यं, ज्वारी इथे यायची आणि इथून बैलगाड्यांनी बार्शी रोड स्टेशनला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला जायची. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर भरलेली बैलगाडी कशी चालते हे त्या भागातल्या माणसाला सांगायला नको. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपीत नोकरीला आला होता, त्याने रजा काढून अशा छोट्या जोडमार्गांचा अभ्यास केला आणि बार्शीची लाईन होऊ शकते असं त्याच्या मनाने घेतलं. सरकारशी बोलणी वर्षानुवर्षं चालली. शेवटी १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली, अडीच फुटी गेजवर, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट.

आता यात विशेष काय, तर त्याचा हिशोब. लाईन स्वस्त करायची म्हणजे रूळ हलका पाहिजे, रूळ हलका पाहिजे तर चाकांवरचं वजन कमी पाहिजे, पण वजन कमी केलं तर मालच कमी नेता येणार आणि मग लाईन काढून उपयोग काय. कॅलथ्रॉपने ठरवलं की इंजिन असो, मालडबा असो, प्रवासी डबा असो, कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नको, आणि सगळ्या आसांवर तो शक्य तितका सारखा वाटलेला पाहिजे. मग रूळ यार्डाला ३० पौंडांचा चालतो, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो. आज मेन लाईनवर ६० किलोचा रूळ असतो, यावरून अंदाज करा. डबे दाबून वळवलेल्या पोलादी सांगाड्याचे केले, त्यामुळे डब्याचं स्वतःचं वजन उतरलं आणि लांब डब्यात माल भरपूर मावायला लागला. लीड्सच्या किट्सन कारखान्यात आठ चाकं एकमेकांना जोडलेली इंजिनं बनवून घेतली आणि ती भारतात पाठवायच्या आधी लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीचा रूळ टाकून इंजिनिअर मंडळींना बोलावून दाखवली. हलक्या रेल्वेत किती मोठं काम होऊ शकतं याचा तो पुरावाच होता.

हे मी एवढं खोलात सांगतोय कारण मोठ्या रेल्वेला हे सुचलं नसतं असं माझं ठाम मत आहे. जीआयपीसाठी बार्शी म्हणजे नकाशावरचा एक ठिपका, तिथे जाऊन तीस-पस्तीस किलोमीटरसाठी नवी रेल्वे डोक्यात उभी करायला तिला काय पडलंय. ज्या कंपनीचं पोट फक्त त्याच पट्ट्यावर होतं तिनेच तो हिशोब मांडला. गंमत अशी की याच कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच अडीच फुटी लाईन काढली, ती १९०४ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंद पडली, आज तिच्या जागेवर लोक फिरायला आणि सायकल चालवायला जातात. आपली त्याच्या आधीची, आणि ती शंभर वर्षांच्या वर चालली.

ती चालली त्याचं कारण पंढरपूर आणि कापूस. १९०६ मध्ये लाईन पंढरपूरला पोचली. आषाढी-कार्तिकीला कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचं आणि छोट्या गाडीत शिरायचं, डब्यात, दारात, टपावर, जिथे जागा मिळेल तिथे, हे चार-पाच पिढ्यांनी केलंय. दुसऱ्या बाजूला बार्शीहून पुढे तडवळे आणि मग १९११ मध्ये लातूर. लातूर त्या वेळी निजामाच्या राज्यात, म्हणजे एका राज्यातला माल दुसऱ्या राज्यातून मुंबईच्या बाजारात जाणार आणि मध्ये ही अडीच फुटी गाडी. लातूरची पेठ जी पुढे एवढी वाढली त्यात या लाईनचा वाटा मोठा आहे. शेवटी १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेपर्यंत रूळ गेले आणि लातूर ते मिरज असा सुमारे ३२५ किलोमीटरचा पट्टा पूर्ण झाला. दुष्काळी पट्टा, एक लक्षात घ्या. सांगोला, जत, कवठेमहांकाळ, बार्शी, लातूर, ही सगळी नावं टँकरच्या बातम्यांत येणारी आहेत.

मी कंपनीचं कौतुक करतोय म्हणजे ती फार भली होती असं म्हणणं नाही. कंपनी लंडनची, नफा लंडनला, आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाचे हाल हा तेव्हाच्या सगळ्याच रेल्वेंचा धर्म होता. आणि एक मोठी खोट तिच्या जन्मातच होती, ती म्हणजे गेज. कुर्डुवाडीला प्रत्येक पोतं, प्रत्येक गाठ छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवायची. हमाली वेगळी, वेळ वेगळा, सांडलवंड वेगळी. मिरजेला तर समोर मीटरगेज, तिथेही तेच. जोपर्यंत स्पर्धा बैलगाडीशी होती तोपर्यंत हे चाललं, पण डांबरी रस्ते झाले आणि लातूरच्या आडतीतून भरलेला ट्रक मध्ये कुठेही न उतरता थेट मुंबईला पोचायला लागला, तेव्हा मालवाहतूक हातची गेली. यावर उपाय एकच होता, गेज बदलणं.

१९५४ मध्ये सरकारने बार्शी लाईट विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली. माझ्या मते या सगळ्या इतिहासात इथेच थांबून विचार करायला पाहिजे. कारण विलीनीकरणाच्या बाजूने आज जे सांगितलं जातं तेच तेव्हाही लोकांना वाटलं असणार, की आता देशाची रेल्वे आहे, देशाचा पैसा आहे, आपली लाईन मोठी होईल. झाली का? झाली, पण कधी. कुर्डुवाडी-पंढरपूर २००२ च्या आसपास, लातूरची बाजू २००७-०८ मध्ये, मिरजेचा तुकडा त्याच्याही नंतर. म्हणजे विकत घेतल्यापासून जवळपास पन्नास वर्षं. देशभर एकच गेज करायचं धोरणच मुळी १९९२ ला आलं आणि तोपर्यंत इथे ट्रक आणि एसटीने रेल्वेचं गिऱ्हाईक नेलेलं होतं. धाराशिव हे जिल्ह्याचं गाव, जुनी लाईन त्याला वळसा घालून येडशीवरून जायची, तिथे रेल्वे पोचली ती या गेज बदलण्याच्या वेळी मार्ग वळवला म्हणून, एकविसाव्या शतकात. यात कुणी एक माणूस किंवा एक मंत्री दोषी आहे असं मला वाटत नाही. साठ हजार किलोमीटरच्या रेल्वेत सव्वातीनशे किलोमीटरची अरुंद लाईन कुणाच्याच यादीत वर येत नाही, एवढंच. कंपनी होती तेव्हा तिच्या वार्षिक हिशोबात फक्त हीच लाईन असायची, बरं-वाईट जे काय ते याच पट्ट्याचं, आणि १९५४ नंतर ती एका विभागाच्या कागदांतला एक छोटा तुकडा झाली, तिचा वेगळा हिशोब विचारायला जागाच उरली नाही.

आता कुणी म्हणेल मग खासगीच राहू द्यायची होती. नाही. त्याचंही उदाहरण आपल्याकडेच आहे, विदर्भातली शकुंतला. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर हा सुमारे १९० किलोमीटरचा अडीच फुटी मार्ग, वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला आणायचा आणि तिथून मुंबईमार्गे मँचेस्टरला. मँचेस्टरलाच १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन या मार्गावर १९२३ पासून १९९४ पर्यंत ओढत होतं, एकच इंजिन, सत्तर वर्षं. देशातल्या बाकी रेल्वे सरकारच्या झाल्या, ही कागदावर कंपनीचीच राहिली, गाड्या सरकारी रेल्वे चालवणार आणि मोबदला कंपनीला देणार अशी रचना. परिणाम काय झाला तर मालकाने रुळाकडे बघितलं नाही कारण गाडी त्याची नव्हती, आणि रेल्वेने पैसा घातला नाही कारण रूळ तिचा नव्हता. वेग कमी कमी होत गेला, मार्ग तुकड्या-तुकड्याने बंद पडला. ब्रॉडगेजची मंजुरीची बातमी येते, जाते, परत येते. अचलपूर, दर्यापूर, दारव्हा या भागातल्या गरीब माणसाची सगळ्यात स्वस्त गाडी अशी गेली आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं, कारण ती गाडी कमी पैशात चालत होती आणि तिच्यावर जाणारा माणूस आता दुप्पट-तिप्पट भाडं देऊन जातो किंवा जातच नाही.

तर बार्शी लाईट सरकारी झाली आणि पन्नास वर्षं थांबली, शकुंतला खासगी राहिली आणि मेली. म्हणून मला "कंपनी का सरकार" हा वाद अपुरा वाटतो. खरा प्रश्न असा आहे की त्या भागाच्या लाईनचा हिशोब कोण ठेवतो आणि तो त्या भागातल्या लोकांना विचारता येतो का.

आणि हिशोब म्हणजे फक्त तिकिटांचा नाही. २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूर शहरात नळाला पाणी नाही, टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. तेव्हा मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेने लातूरला आणलं, १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, दहा वॅगन, पाच लाख लिटर, आणि पुढे पन्नास वॅगनची गाडी, एका खेपेला पंचवीस लाख लिटर, पाऊस येईपर्यंत हे चालू राहिलं. कुठल्या मार्गाने आली ती गाडी? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. बार्शी लाईटचाच मार्ग, फक्त रुंद केलेला. १८९७ मध्ये कापसासाठी टाकायला घेतलेल्या, १९२७ मध्ये मिरजेपर्यंत नेलेल्या रुळाच्या जागेवरून २०१६ मध्ये एका शहराला प्यायचं पाणी गेलं. हे गेज जर आणखी दहा वर्षं रखडलं असतं तर पन्नास वॅगनची पाण्याची गाडी अडीच फुटी रुळावर कशी नेली असती? तोट्यात आहे म्हणून लहान लाईन बंद करा असं जे सहज म्हणतात त्यांनी हे एकदा आकड्यात बसवून दाखवावं.

आता कोकण रेल्वेकडे येतो. १९९० मध्ये कॉर्पोरेशन झालं, सुरुवातीला ५१ टक्के वाटा रेल्वेचा, २२ महाराष्ट्राचा, १५ कर्नाटकाचा, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. मधू दंडवते, जॉर्ज फर्नांडिस, श्रीधरन ही नावं सगळ्यांना माहिती आहेत. लोकांकडून रोखे काढून पैसा उभा केला, कोकणातल्या माणसाने जमिनी दिल्या, आणि रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा जवळपास ७४० किलोमीटरचा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाला. आणि बघा, इथेही तेच दिसतं जे कॅलथ्रॉपच्या बाबतीत दिसतं, छोटी कंपनी आहे, पोट याच पट्ट्यावर आहे, म्हणून नवीन काहीतरी शोधावंच लागतं. भरलेले ट्रक थेट रेल्वेवर चढवून न्यायची रो-रो सेवा १९९९ मध्ये इथे सुरू झाली. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक, दरडीच्या जागांवर रात्रंदिवस गस्त, वेग कमी करायचा हे नियम इथल्या डोंगरांनी आणि २००३ च्या वैभववाडीजवळच्या अपघातासारख्या फार महागात पडलेल्या अनुभवांनी शिकवलेत. आणि याच संस्थेने काश्मीरमध्ये चिनाबवरचा पूल उभारायचं काम पार पाडलं. विलीनीकरणात ही माणसं आणि हे ज्ञान कुठे जाणार, याचं उत्तर मला अजून कुठेच वाचायला मिळालेलं नाही.

पण म्हणून विलीनीकरण नको असं मी म्हणणार नाही. कर्जाच्या ओझ्याखालच्या कॉर्पोरेशनला दुहेरी मार्ग स्वतःच्या जोरावर जमणार नाही हे उघड आहे, एवढ्या वर्षांत रोहा ते वीर हा ४७ किलोमीटरच्या आसपासचा तुकडाच काय तो २०२१ मध्ये दुहेरी झाला. गणपतीत गाड्या वाढवायच्या म्हटलं की एकाच रुळावर त्या बसवायच्या कुठे हा प्रश्न दर वर्षी येतो, क्रॉसिंगला तासतास गाडी उभी राहते, आत लहान मुलं, म्हातारी माणसं. शिवाय भाडं काढताना इथलं अंतर ४० टक्के वाढवून धरलं जातं, म्हणजे कोकणातला माणूस या लाईनची किंमत आजपर्यंत प्रत्येक तिकिटावर चुकवत आलाय. सावंतवाडी टर्मिनसची पायाभरणी २०१५ ला झाली आणि ते काम पुरं होण्याची लोक अजून वाट बघतायत. पैसा पाहिजे आणि तो केंद्राकडेच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की नावाच्या अटीवर समाधान मानू नका. बार्शी लाईटचं नाव आजही प्रत्येकाच्या तोंडात आहे, त्याने गेज एक दिवसही लवकर बदललं नाही. लिहून घ्यायचं तर हे लिहून घ्या की रोह्यापासून मडगावपर्यंतचं दुहेरीकरण कुठल्या वर्षी कुठपर्यंत येणार, वाढवलेल्या अंतराचं भाडं कुठल्या तारखेपासून बंद होणार, वैभववाडी-कोल्हापूर लाईन ज्याने कोकण आणि देश जोडला जाईल तिला पैसा कधी सुटणार, पावसाळ्यात गाडी थांबवायचा निर्णय रत्नागिरीतच होणार का तो लांबच्या मुख्यालयात जाणार, आणि ज्यांनी जमिनी दिल्या त्यांच्या मुलांना नोकरीत जी प्राधान्याची सोय होती तिचं काय. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विलीन झाल्यावरही या ७४० किलोमीटरचा जमा-खर्च, कामं, रखडलेली कामं, दर वर्षी वेगळी छापून चारही राज्यांच्या विधानसभांसमोर ठेवली पाहिजे. हे एक जरी १९५४ ला बार्शी लाईटच्या बाबतीत झालं असतं, दर वर्षी सोलापूर-लातूरच्या आमदारांना उभं राहून विचारता आलं असतं की गेजचं काय झालं, तर पन्नास वर्षं लागली नसती असं मला मनापासून वाटतं.

राज्याच्या हातात वजन आहे ते सही होईपर्यंत. २२ टक्के वाटा दिला की मग आपण फक्त निवेदनं देणार, खासदारांच्या मागे फिरणार आणि दर बजेटला आपल्या लाईनचं नाव आलं का बघणार, जे बार्शी-लातूर-पंढरपूरच्या लोकांनी दोन पिढ्या केलं. त्यामुळे कराराचा मसुदा सहीच्या आधी विधानसभेत मांडला जावा आणि त्यावर कोकणातल्या सगळ्या पक्षांच्या आमदारांनी वर्षांसकट, आकड्यांसकट बोलावं, एवढी मागणी आत्ता या महिन्यात व्हायला पाहिजे.